हात माझा, फोटो कुणाचा?

चाकणच्या एका कारखान्यात कंत्राटी कामाला असलेला माझा एक जुना विद्यार्थी दोन वर्षांपूर्वी घरी आला आणि ‘अम्मी’ हा शब्द नस्तालीकमध्ये लिहून घेऊन गेला. कशासाठी ते त्याने सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. काही महिन्यांनी तोच शब्द मला चिंचवडमधल्या एका टॅटूच्या दुकानाच्या फलकावर दिसला, त्याच्या हातावर गोंदलेला. माझ्याआधी तो त्याच्या अब्बांनी पाहिला होता. गोंदणं हराम मानणारं घर. पोरगा मला एवढंच विचारत होता, “सर, हात माझा, मग फोटो त्यांचा कसा?”

हा प्रश्न जुना आहे. मुंबईत 1854 मध्ये फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. तिच्या पहिल्या सभासदांपैकी विल्यम जॉन्सन या सरकारी नोकराने 1863 आणि 1866 मध्ये मुंबईतल्या जातीजमातींच्या फोटोंचे दोन खंड काढले. माणसांचे फोटो घ्यायचे आणि ते दुसऱ्याच देखाव्यावर बसवायचे, अशी त्याची रीत होती. शीर्षकं जातीजमातींची. अशा पुस्तकात माणूस हा नमुना असतो, आणि नमुन्याला कोण विचारणार?

पुढे 1914 चा कॉपीराइट कायदा आला. त्यात फोटोचा कर्ता कोण, तर ज्याच्या मालकीची निगेटिव्ह तो! 1957 च्या कायद्याने कर्ता फोटो काढणाऱ्याला ठरवलं. पण कुणी पैसे देऊन फोटो काढून घेतला असेल आणि वेगळा करार नसेल, तर हक्क पैसे देणाऱ्याचा. म्हणूनच लग्नाच्या फोटोंवर बहुधा आपला हक्क असतो. आमच्या पोराने पैसे दिले ते गोंदण्याचे. फोटोग्राफरला पैसे दुकानाने दिले. म्हणजे या कायद्याने फोटो दुकानाचा.

गंमत अशी की याच कायद्यात चित्र, रेखाटन ही कलाकृती आहे, मग ती सुंदर असो वा नसो. ‘अम्मी’ या शब्दावर कुणाचा हक्क नाही, पण माझ्या वळणावर मी दावा सांगू शकलो असतो. अमेरिकेत माइक टायसनच्या चेहऱ्यावरचं गोंदण एका सिनेमात दुसऱ्या नटावर दाखवलं, तेव्हा 2011 मध्ये गोंदणारा कोर्टात गेला. नक्षी आपली, असं त्याने टायसनकडून आधीच लिहून घेतलं होतं. सिनेमा थांबला नाही. प्रकरण तडजोडीने मिटलं.

ज्याचं शरीर, त्याचा हक्क मात्र कॉपीराइटमधून नाही, खासगीपणातून आला, आणि तोही उशिरा. सर्वोच्च न्यायालयाने 1994 मध्ये राजगोपाल खटल्यात म्हटलं की संमतीशिवाय कुणाचं नाव किंवा छबी जाहिरातीला वापरणं हा त्याच्या खासगीपणाचा भंग आहे. मार्च 2021 मध्ये मुंबई उच्च न्यायालयासमोर मॉडेल साक्षी मलिक यांचं प्रकरण आलं. पोर्टफोलिओसाठी काढलेला आणि त्यांनी इन्स्टाग्रामवर टाकलेला फोटो ‘व्ही’ या तेलुगू चित्रपटात वेश्याव्यवसाय करणाऱ्या बाईचा म्हणून दाखवला होता. फोटोचं काम एजन्सीला दिलं होतं, तिने परवानगी घेतली असेल असं वाटलं, हा निर्मात्यांचा बचाव. न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी तो मानला नाही. फोटो काढून टाकेपर्यंत चित्रपटच अ‍ॅमेझॉन प्राइमवरून उतरवायला सांगितला.

आपल्याकडे तस्वीर जायज की नाजायज यावर पिढ्यान्‌पिढ्या वाद झाले. ज्याची तस्वीर, त्याची इजाजत घेतली का, हे त्यात क्वचितच ऐकलं.

“तू कशावर सही केलीस?” मी त्याला विचारलं. त्याने मोबाइलवर कागद दाखवला. इंग्रजीत. जखम कोरडी ठेवा, उन्हात जाऊ नका, साबण लावू नका, आणि त्याखालीच फोटो जाहिरातीला वापरण्याची परवानगी. सही मराठीत होती.

आम्ही दोघं दुकानात गेलो. मालकाने वाद न घालता फलक उतरवला. इन्स्टाग्रामवरचा फोटो काढतो म्हणाला, तो अजून तिथेच आहे. त्याला नवा कागद मी मराठीत आणि उर्दूत लिहून दिलाय, गोंदण्याचा वेगळा आणि फोटोचा वेगळा. अब्बा अजून पोराशी बोलत नाहीत. अम्मीने मात्र तो हात एकदा जवळ घेऊन वाचला, असं तो सांगतो.