डेस्कटॉप संगणकासाठी रॅमची निवड
डेस्कटॉपची जुळणी करताना रॅम मदरबोर्ड पाहूनच निवडावी लागते. डीडीआर४ व डीडीआर५ या दोन्ही पट्ट्यांना २८८ पिना असतात; मात्र खाचेची जागा वेगळी असल्याने एकीच्या स्लॉटमध्ये दुसरी बसत नाही. एएमडीचे एएम५ सॉकेट केवळ डीडीआर५ स्वीकारते. इंटेलच्या एलजीए १७०० सॉकेटवर मदरबोर्डानुसार प्रकार ठरतो. भिन्न वेगाच्या पट्ट्या एकत्र लावल्यास साधारणतः सर्वांत मंद पट्टीचा वेग सर्वांना लागू होतो. म्हणून एकाच संचातील दोन पट्ट्या घेणे इष्ट. धूलकोटसारख्या गावातील ग्राहकाला चुकीची पट्टी बदलण्यासाठी बऱ्हाणपूरला पुन्हा खेप घालावी लागते. ती टाळण्यासाठी मदरबोर्डाचे पूर्ण नाव टिपून उत्पादकाने दिलेली सुसंगत रॅमची यादी खरेदीपूर्वीच तपासावी.