घुमटातली कुजबुज आणि हिऱ्याचे कडे

विजापूरच्या गोलघुमटात चढून गेलेला माणूस सज्जाच्या भिंतीशी तोंड नेऊन काहीतरी पुटपुटल्यावाचून सहसा खाली उतरत नाही. पलीकडे शे-सव्वाशे फुटांवर भिंतीला कान लावून बसलेल्याला ते स्वच्छ ऐकू येते. मुलांना ही जादू वाटते. मोठ्यांनाही वाटते, पण ते कबूल करीत नाहीत!

या जादूचा उलगडा लंडनच्या सेंट पॉल देवळाच्या घुमटात झाला. आवाज घुमटाच्या छपरावर आपटून समोर जातो, असा जुना समज होता. लॉर्ड रॅले यांनी तो खोडून काढला. आवाज वळत्या भिंतीला बिलगून, कडेकडेने सरकत जातो, हे त्यांनी शिटी आणि थरथरणारी ज्योत घेऊन दाखविले. १९२१ साली आपले चंद्रशेखर व्यंकट रामन याच घुमटात प्रयोग करून आले आणि मायदेशी परतल्यावर त्यांनी गोलघुमटही तपासला.

आता वाचकहो, आवाजाच्या जागी प्रकाश घाला आणि घुमटाच्या जागी मोहरीएवढा मणी. काचेच्या मण्याच्या आत कडेला लागलेला किरण बाहेर निसटू शकत नाही. आतल्या आत परावर्तित होत तो गोल फिरत राहतो. १९६१ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत कॅल्शियम फ्ल्युओराइडच्या स्फटिकगोळ्यांत लेसरचा प्रकाश असा फिरविला गेला. १९८९ साली मॉस्कोत ब्रागिन्स्की, गोरोदेत्स्की आणि इल्चेन्को यांनी वितळविलेल्या सिलिकेचे मणी केले. वितळलेला थेंब आपणहून गोल होतो, गुळगुळीत होतो. कारागिराला फारसे कष्टच नाहीत.

पण स्फटिकाचे तसे नाही. तो वितळला की त्याची अंतर्गत शिस्त मोडते. मग उपाय एकच, आपल्या पैलू पाडणाऱ्यांचा: फिरत्या दांड्यावर बसवायचा, कड गोल कोरायची आणि हिऱ्याच्या पुडीने, आधी जाड, मग बारीक, मग त्याहून बारीक, घासत राहायचे. इल्चेन्को पुढे अमेरिकेत गेले; तेथे मालेकी, सावचेन्कोव्ह आदी सहकाऱ्यांसह त्यांनी हेच केले. काही मिलिमीटरांच्या त्या चकतीत प्रकाश विझण्यापूर्वी लाखो फेऱ्या मारतो. ते अंतर दहा किलोमीटरांहून अधिक भरते. एवढी साधना हाताच्या घासणीने साधावी, याचे मला मोठे कौतुक वाटते.

हिरा मात्र हट्टी. त्याला घासायला हिराच लागतो, आणि तोही एका दिशेने मऊ, दुसरीकडून कठीण. तरी २०१३ साली इल्चेन्को यांच्या मंडळींनी घासून हिऱ्याची चकती केलीच. त्याहून कितीतरी बारीक कडी करायची तर घासून भागत नाही. प्राणवायूच्या आयनांचा मारा करून हिरा कोरावा लागतो. अडचण अशी की, एकसंध हिऱ्याचा पातळ थर परक्या पायावर सहजी वाढत नाही. मग कडे खालच्या हिऱ्यापासून सुटे कसे करायचे? हार्वर्ड विद्यापीठात २०१२ साली युक्ती निघाली: मारा सरळ न करता दोन्ही बाजूंनी तिरपा करायचा. वरच्या नक्षीखालचा हिरा पोखरला जातो आणि त्रिकोणी काप असलेली तुळई अधांतरी राहते. त्याच रीतीने पुढे प्रकाश फिरविणारी कडीही कोरली गेली.

स्फटिकाच्या चकतीपुढे हिऱ्याची ही कडी प्रकाश फार थोडा वेळ धरून ठेवतात. तरी एवढा खटाटोप कशासाठी? तर हिऱ्यातल्या एका वैगुण्यासाठी. कार्बनच्या जागी चुकून बसलेला नत्राचा एक अणू आणि त्याच्या शेजारची रिकामी जागा, ही जोडी एका वेळी प्रकाशाचा एकच कण सोडते. आणि कड्याच्या कुशीत ती तो अधिक लवकर सोडते.