न्यूहेवनच्या कोळिणी

कॅमेऱ्यासमोर पहिल्यांदा उभ्या राहिलेल्या माणसाला आपण लगेच ‘स्माइल’ म्हणतो. १८४० च्या दशकात तसं म्हणण्यात अर्थ नव्हता. डेव्हिड ऑक्टेव्हियस हिल आणि रॉबर्ट अ‍ॅडमसन यांनी स्कॉटलंडमध्ये, एडिनबराजवळच्या न्यूहेवन गावात कोळिणींचे फोटो काढले. तेव्हा कॅलोटाइपच्या कागदावर चेहरा उमटायला भर उन्हातही मिनिटभर, कधी त्याहून जास्त वेळ लागे. तेवढा वेळ हसू धरून ठेवून बघा! चेहरा वेडावाकडा होतो.

तंत्र अ‍ॅडमसनकडे, माणसं हिलकडे. हिल मूळचा चित्रकार. त्यानं या बायकांना एकमेकींना टेकवलं, कुणाचा हात गालाशी नेला. दिसायला हे जिव्हाळ्याचं, पण टेकलेली मान हलत नाही, हा व्यवहारही त्यात होताच. शिवाय जवळ त्यांच्याच विणलेल्या टोपल्या. नवख्या माणसाची खरी पंचाईत हातांची असते. या हातांना टोपली रोजची होती.

यातली एक, एलिझाबेथ जॉन्स्टन हॉल, नजर खाली झुकवून उभी आहे. वॉल्टर बेन्यामिननं १९३१ च्या निबंधात या खालच्या नजरेविषयी लिहिलं. या बाईचं काहीतरी हिलच्या कलेत न मावता शिल्लक राहतं, असं त्याला वाटलं. मला ते पटतं. नजर खाली घ्यायला कदाचित हिलनंच सांगितलं असेल, कदाचित ऊन डोळ्यांवर आलं असेल. पण ते अख्खं मिनिट ती काय विचार करत होती, ते हिलच्या हातात नव्हतं.

अ‍ॅडमसन १८४८ मध्ये गेला, अवघ्या २६ व्या वर्षी.