वाळूच्या टेकडीपलीकडचा आवाज

मंडळी, चार-पाच गाड्यांनी मिळून आडवाटेला जायचं तर वॉकीटॉकी कोणता घ्यावा, हा प्रश्न दुकानातला वाटतो. किती वॅटचा, किती लांब पोचतो, किंमत काय? आज आपण तो इतिहासाच्या बाजूनं बघू. त्यासाठी ऑस्ट्रेलियाच्या ओसाड मधल्या भागात जावं लागेल, कारण तिथं तो जिवाचा प्रश्न होता.

मे 1928 मध्ये क्वीन्सलँडमधल्या क्लॉनकरीहून जॉन फ्लिन यांच्या विमान-डॉक्टर सेवेचं पहिलं उड्डाण झालं. विमान आलं, डॉक्टर आला. पण दूरच्या गुरांच्या फार्मवर कोणी आजारी पडलंय, हे त्याला कळणार कसं? तिथं ना वीज, ना टेलिफोन. ॲडलेडच्या आल्फ्रेड ट्रेगर यांनी सायकलसारखं पायडल मारून वीज करणारा संच बनवला. पाय वीज करायचे, हात मोर्सची कळ दाबायला मोकळे. 1929 मध्ये असा पहिला संच ऑगस्टस डाउन्स या फार्मवर बसला. मोर्स शिकायचं कोणी, म्हणून ट्रेगरनी पुढं टाइपरायटरसारखी कळपट्टीही केली. अक्षर दाबलं की त्याचा मोर्स आपोआप जायचा.

या संचाच्या लघुलहरी वातावरणाच्या वरच्या थरावरून परतायच्या, म्हणून शेकडो मैल पोचायच्या. आणि एकाचं बोलणं सगळे ऐकायचे. कामाचे निरोप संपले की बायका गप्पांना बसायच्या. या वेळेला नाव पडलं 'गलाह सेशन'. गलाह म्हणजे तिथला कलकलाट करणारा गुलाबी काकाकुवा! नाव ठेवणारे पुरुषच असणार, असा आमचा अंदाज. पण त्या कलकलाटामुळेच कोण गप्प आहे, हेही कळत असणार.

मोटारीनं फिरणाऱ्याला मात्र हा कान नव्हता. डिसेंबर 1963 मध्ये बर्ड्सव्हिल ट्रॅकवर पाच जणांचं एक कुटुंब पेट्रोल संपून अडकलं आणि पाण्यावाचून गेलं. त्यांना हाक मारायला साधन नव्हतं.

आता 1977. त्या वर्षी 1 जुलैला सरकारनं सीबी, म्हणजे सर्वसामान्यांचा रेडिओ, कायदेशीर केला. एक पट्टा 27 मेगाहर्ट्‌झचा, अमेरिकेच्या वळणाचा. दुसरा 477 चा, यूएचएफ. 27 ची लहर अकरा मीटर लांब, म्हणून अँटेनाही लांब. शिवाय सूर्यावरच्या घडामोडींमुळं कधीकधी हजारो मैलांवरची बडबड त्यात घुसायची. 477 ची लहर जेमतेम त्रेसष्ट सेंटिमीटर. अँटेना आखूड, आवाज स्वच्छ. पण लहर जवळजवळ सरळ रेषेत जाते, डोंगर आडवा आला की अडते. गाडीवाल्यांनी हळूहळू हाच पट्टा उचलला. लांब जाणारा सोडून जवळचा का, असं तुम्ही विचाराल. कारण ऐकणारा आता पुढच्या गाडीत होता.

सिम्पसन वाळवंटात हे नीट दिसतं. तिथं हजाराहून जास्त वाळूच्या टेकड्या ओळीनं उभ्या आहेत. वेग घेतल्याशिवाय माथा चढत नाही, आणि पलीकडून कोणी येतंय का ते माथ्यावर पोचेपर्यंत दिसत नाही. म्हणून गाडीला उंच काठीवर झेंडा, आणि रेडिओ चॅनेल 10 वर. 'तीन गाड्या, पश्चिमेकडून पूर्वेकडे', एवढं बोलत राहायचं, अनोळखी माणसासाठी. चॅनेल 5 आणीबाणीचा, त्याला हात लावायचा नाही. ट्रकवाले 40 वर.

तेव्हा संच निवडताना आधी विचारायचं ते हे, की आपल्याला कोण ऐकायला हवं? पलीकडच्या उतारावरचा ड्रायव्हर असेल तर पाच वॅटचा यूएचएफ पुरतो, कायद्यानं मर्यादाही तेवढीच. फक्त अँटेना गाडीबाहेर हवी. हातातला संच पत्र्याच्या डब्यात बसून बोलला तर त्याचा आवाज आतच मरतो. डोंगराळ भागात साधी अँटेना बरी, सपाटीवर जास्त लाभाची. हातातला संच जवळ असू द्यावा, पण गाडीतून उतरून मागच्याला चाकं कुठं घाल सांगण्यासाठी. आणि डॉक्टर हवा असेल तर यूएचएफ कितीही भारी घ्या, पोचणार नाही. त्याला ट्रेगरच्या घराण्यातला लघुलहरींचाच संच लागतो, किंवा आजकाल सॅटेलाइट फोन. व्हीकेएस-737 हे चारचाकी प्रवाशांचं लघुलहरींचं जाळं तिथं अजून चालू आहे.

एक सूचना. तिकडून संच आणून सह्याद्रीत वापरावा म्हणाल, तर 477 चा पट्टा आपल्याकडं परवान्याशिवाय खुला नाही. इथं 27 मेगाहर्ट्‌झच्या सीबीला पाच वॅटपर्यंत 2005 पासून सूट आहे. अँटेना लांब लागेल, एवढं मात्र धरून चाला.