इताई-इताई रोग

कॅडमियम या धातूचे विष दीर्घकाळ अल्प प्रमाणात शरीरात साचत गेल्याने होणारा मूत्रपिंडांचा व हाडांचा विकार. जपानमधील तोयामा प्रांतात जिंझू नदीच्या काठच्या गावांत तो प्रामुख्याने आढळला. जपानी भाषेत ‘इताई’ म्हणजे ‘दुखते’. रुग्ण रात्रंदिवस याच शब्दाने कण्हत, त्यावरून हे नाव पडले. १९५५ मध्ये ते वृत्तपत्रात छापून आले आणि पुढे वैद्यकातही रूढ झाले.

कॅडमियम निसर्गात बहुधा जस्ताच्या सोबतीने आढळते. फ्रीडरिख श्ट्रोमायर यांनी १८१७ मध्ये ते जस्ताच्याच कार्बोनेटातून शोधून काढले. जिंझूच्या वरच्या अंगाला, गिफू प्रांतात, कामिओका येथे जस्त व शिशाची मोठी खाण होती. धातुक धुतलेले पाणी आणि गाळ नदीत जाई आणि तेच पाणी खाली पाटांनी भातखाचरांत येई. खाचरात पाणी शिरते त्या तोंडाशी मातीतील कॅडमियम सर्वांत जास्त आणि पुढे कमी होत गेलेले आढळले. विष कोणत्या वाटेने आले, याचा हा मातीतच उरलेला पुरावा होय.

भाताचे पीक कॅडमियम सहज शोषते. खाचरात पाणी साठलेले असेतो मातीत प्राणवायू कमी असतो व कॅडमियम सल्फाइडाच्या रूपात अडकून राहते. पाणी सोडून खाचर वाळवले, की ते विरघळून मुळांना मिळते. म्हणून दूषित जमिनीत पीक पोटरीत येऊन निसवेपर्यंत व त्यानंतरही काही आठवडे खाचर कोरडे पडू न देणे, हा दाण्यातील कॅडमियम कमी ठेवण्याचा साधा उपाय ठरला आहे.

अन्नातील कॅडमियमपैकी सुमारे पाच टक्केच आतड्यातून रक्तात जाते. मात्र शरीरात लोह कमी असेल तर हे प्रमाण बरेच वाढते. यकृतात ते मेटॅलोथायोनीन या प्रथिनाशी बांधले जाते आणि हळूहळू मूत्रपिंडांच्या बाह्यकात साचते. तेथून ते निम्मे कमी होण्यास दहा ते तीस वर्षे लागतात. समीपस्थ मूत्रनलिकांच्या पेशी बिघडल्या, की एरवी परत शोषले जाणारे पदार्थ लघवीवाटे वाहून जाऊ लागतात. रक्तातील साखर प्रमाणात असूनही लघवीत साखर सापडते. बीटा-२-मायक्रोग्लोब्युलिन या लहान प्रथिनाचे लघवीतील वाढलेले प्रमाण ही बिघाडाची लवकर दिसणारी खूण होय. फॉस्फेट व कॅल्शियम निघून जातात, ड जीवनसत्त्वाचे क्रियाशील रूप मूत्रपिंडात पुरेसे बनत नाही, आणि हाडे मऊ व ठिसूळ होतात. हाडांच्या नावाने ओळखल्या गेलेल्या या रोगाचे मूळ अशा रीतीने मूत्रपिंडांत आहे.

रुग्णांत बहुसंख्य स्त्रिया होत्या. बहुतेक चाळिशी ओलांडलेल्या, अनेक बाळंतपणे झालेल्या व वर्षानुवर्षे त्याच गावात राहिलेल्या. सुरुवात कंबर व मांड्यांच्या दुखण्याने होई. मग चाल बदकासारखी डोलती होई आणि एखादी ठेच वा पडणे निमित्त होऊन रुग्ण कायमची अंथरुणाला खिळे. खोकल्याच्या उबळीनेही बरगडी मोडे. एका रुग्णाच्या शरीरात ७२ अस्थिभंग आढळल्याची नोंद आहे.

गावातलेच डॉक्टर नोबोरू हागिनो युद्धावरून परतल्यावर १९४६ पासून हे रुग्ण पाहत होते. आधी अतिश्रम व कुपोषण ही कारणे मानली जात. हागिनोंनी १९५७ मध्ये खाणीकडे बोट दाखवले आणि १९६१ मध्ये कृषितज्ज्ञ किनिची योशिओका यांच्यासह कॅडमियमचे कारण मांडले. रासायनिक विश्लेषणाचे काम ओकायामा विद्यापीठाचे जून कोबायाशी यांचे. मे १९६८ मध्ये आरोग्य मंत्रालयाने रोगाचा संबंध खाणीतील कॅडमियमशी जोडला. प्रदूषणजन्य म्हणून जपान सरकारने मान्य केलेला हा पहिला रोग. रुग्णांनी खाणकंपनीवर भरलेला दावा १९७१ मध्ये जिल्हा न्यायालयात व १९७२ मध्ये उच्च न्यायालयाच्या कानाझावा शाखेत त्यांच्या बाजूने लागला. १९७९ ते २०१२ या काळात सुमारे ८६० हेक्टर शेतजमिनीची माती बदलण्यात आली.

केवळ कॅडमियम पुरेसे, की कुपोषण व ड जीवनसत्त्वाची उणीव यांचाही हातभार लागला, यावर पुढेही मतभेद राहिले. जपानमधील इतर दूषित भागांत मूत्रपिंडांचे विकार पुष्कळ, पण हाडांचे इतके तीव्र रूप क्वचित दिसते. अधिकृत मान्यता हाडांच्या लक्षणांवरून दिली गेल्याने मान्य रुग्णांची संख्या दोनशेच्या आसपासच राहिली. ज्यांची फक्त मूत्रपिंडे बिघडली, त्यांना एकरकमी भरपाई मिळण्यास २०१३ चा समझोता व्हावा लागला.

धुरावाटे शरीरात गेलेले कॅडमियम फुप्फुसांना इजा करते. तीव्र मात्रेत ते प्राणघातक ठरते. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९३ मध्ये ते मानवात कर्करोग घडवणारे ठरवले. तंबाखूचे झाडही कॅडमियम शोषते, त्यामुळे धूम्रपान करणाऱ्यांच्या रक्तात ते इतरांपेक्षा कित्येक पटींनी अधिक असते.

साचलेले कॅडमियम बाहेर काढणारे खात्रीचे औषध नाही. हाडांच्या विकारावर ड जीवनसत्त्व देतात.