रेझ्युमे (महाविद्यालयीन विद्यार्थी)

रेझ्युमे म्हणजे नोकरी, प्रशिक्षण किंवा शिकाऊ उमेदवारीसाठी अर्ज करणाऱ्या व्यक्तीचे शिक्षण, कौशल्ये व अनुभव थोडक्यात मांडणारा दस्तऐवज होय. हा शब्द मूळ फ्रेंच असून त्याचा अर्थ 'सारांश' असा आहे. महाराष्ट्रात त्यास बायोडेटा असेही म्हणतात. मात्र विवाह जुळवण्यासाठी तयार केल्या जाणाऱ्या बायोडेटातील जात, गोत्र, रास, उंची किंवा नातेसंबंध हा तपशील नोकरीच्या रेझ्युमेत आवश्यक नसतो.

पार्श्वभूमी

वैजापूर हे छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील तालुक्याचे ठिकाण आहे. येथील विनायकराव पाटील महाविद्यालय डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाशी संलग्न आहे. तालुका प्रामुख्याने शेतीप्रधान असून जिल्ह्यातील मोठ्या औद्योगिक वसाहती वाळूज, चिकलठाणा व शेंद्रा येथे आहेत. ओळखीपाळखीचा आधार नसलेल्या विद्यार्थ्याची अशा ठिकाणच्या नियोक्त्याशी पहिली भेट बहुधा रेझ्युमेद्वारेच होते.

शिकाऊ उमेदवारी अधिनियम, १९६१ अन्वये मिळणाऱ्या उमेदवारीसाठी, तसेच खासगी आस्थापनांतील प्रशिक्षणासाठी रेझ्युमे उपयोगी पडतो. राज्य शासनाने २०२४ साली सुरू केलेल्या मुख्यमंत्री युवा कार्यप्रशिक्षण योजनेत पदवीधरांसाठी दरमहा १०,००० रुपये विद्यावेतन ठरवण्यात आले.

अनुभवाची मांडणी

'अनुभव नाही' असे समजून अनेक विद्यार्थी हा भाग रिकामा ठेवतात. वस्तुतः पगारी नोकरी हाच अनुभवाचा एकमेव प्रकार नव्हे. राष्ट्रीय सेवा योजनेचे शिबिर, 'कमवा आणि शिका' योजनेतील काम, अभ्यासक्रमातील प्रकल्प, दुकानातील हिशेब किंवा घरच्या शेतमालाच्या विक्रीची नोंदवही ठेवणे यांतूनही कौशल्य सिद्ध होते. अशी नोंद करताना काय केले, किती काळ केले व त्यातून काय निष्पन्न झाले, हे सांगितले जाते. उदाहरणार्थ, 'हिशेबाचे ज्ञान' यापेक्षा 'किराणा दुकानाची दोन वर्षे रोजची जमाखर्च वही लिहिली' ही नोंद अधिक विश्वासार्ह ठरते. 'मेहनती', 'प्रामाणिक' ही विशेषणे पुराव्याअभावी फारशी उपयोगी ठरत नाहीत.

रचना

विद्यार्थ्याचा रेझ्युमे सामान्यतः एका पानाचा असतो. त्यात पुढील भाग येतात :

* नाव, दूरध्वनी क्रमांक, ईमेल व गाव
* शिक्षण, अलीकडचे प्रथम. गुण किंवा सीजीपीए
* अनुभव व प्रकल्प
* संगणक, टंकलेखन व भाषाविषयक कौशल्ये

आधार क्रमांक किंवा बँक खात्याचा तपशील रेझ्युमेत देणे सुरक्षित मानले जात नाही. प्रत्येक पदाच्या जाहिरातीतील अपेक्षांनुसार नोंदींचा क्रम बदलणे हितावह असते. जुन्या, युनिकोड नसलेल्या मराठी फॉन्टमधील मजकूर दुसऱ्या संगणकावर निरर्थक चिन्हांच्या रूपात दिसू शकतो. म्हणून युनिकोड वापरून पीडीएफ स्वरूपातील प्रत पाठवली जाते.

सत्यता

रेझ्युमेतील प्रत्येक नोंद मुलाखतीत प्रश्नाचा विषय होऊ शकते. गुणपत्रिका व प्रमाणपत्रे मूळ प्रतींवरून किंवा डिजिलॉकरसारख्या सेवेतून पडताळता येतात. खोटी माहिती उघड झाल्यास निवड रद्द होऊ शकते. झेरॉक्सच्या दुकानातील तयार नमुन्यात केवळ नाव बदलल्यास स्वतःला न येणारी कौशल्येही नकळत नोंदली जातात. त्यामुळे रेझ्युमे स्वतः लिहून प्राध्यापकांकडून तपासून घेणे उपयुक्त ठरते.