योप-जे (प्लेगजंतूचे पेशीमारक प्रथिन)

यर्सिनिया पेस्टिस हा प्लेगचा जंतू रोगप्रतिकारक पेशींत, विशेषतः महाभक्षी म्हणजे मॅक्रोफेज पेशींत, जी प्रथिने टोचतो त्यांपैकी एक. त्याच्या परिणामी ही पेशी स्वतःचा नाश ओढवून घेते.

महाराष्ट्राला या जंतूची ओळख फार महागात पडली. सप्टेंबर 1896 मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी गाठीचा ताप ओळखला. पुढे कल्याण स्थानकावर प्रवाशांची तपासणी सुरू झाली.  घरात उंदीर पडू लागले की माणसे गाव सोडून रानात झोपड्या घालत, आणि तो शहाणपणाच होता. पुण्यात रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले यांना प्लेग झाला आणि 10 मार्च 1897 रोजी त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी जानेवारीत वाल्देमार हाफकिन यांनी मुंबईत तयार केलेली लस आधी स्वतःला टोचून घेतली होती.

जंतू पेशीच्या आत नेमके काय करतो, हे कळायला आणखी शंभर वर्षे लागली. पिसवेच्या थंड शरीरात तो ही प्रथिने जवळजवळ बनवत नाही. माणसाच्या 37 अंश सेल्सिअस उष्णतेत मात्र त्याच्या पृष्ठभागावर सुईसारख्या पोकळ नळ्या उगवतात आणि त्यांतून प्रथिने थेट पेशीत शिरतात. योप-जे पेशीतील टॅक-1 आणि आयकेके या विकरांना ॲसिटिल गट चिकटवून निकामी करते. त्यामुळे दाह पेटवणारा, मदत बोलावणारा संदेश थांबतो. पण हीच अडवणूक पेशीला खुणावते. रिप-के-1 आणि कॅस्पेज-8 ही विकरे जागी होतात आणि पेशी मरते. गॅसडर्मिन-डी हे प्रथिन तुटून पेशीच्या पटलाला छिद्रे पाडते, हे 2018 मध्ये दिसले. यातले बहुतेक प्रयोग घरउंदरांच्या पेशींवरचे आहेत, हे लक्षात ठेवले पाहिजे.

हा मृत्यू जंतूच्या फायद्याचा की शरीराच्या, हा खरा प्रश्न. प्लेगजंतूला त्याच्या भाऊबंदाचे अधिक जहाल योप-पी दिले, तेव्हा पेशी जास्त मेल्या. पण त्वचेखाली टोचलेला तो जंतू उंदरांना मारेनासा झाला, उलट त्यांना संरक्षण देऊन गेला. म्हणजे पेशीचे मरण हा निव्वळ पराभव नाही. अडवलेला इशारा ती मरताना शेजारच्या पेशींपर्यंत पोचवते, असे मानायला इथे जागा आहे. प्लेगजंतूचे यश कदाचित मारण्यात नसून बेताने मारण्यात असावे.

हाफकिन यांच्या लशीत अख्खे मृत जंतू होते. आजच्या बऱ्याच प्रायोगिक लशींत दोन निवडक प्रथिने असतात: जंतूच्या आवरणातील एफ-1 आणि नळीच्या टोकावरील व्ही. व्हीविरुद्धची प्रतिपिंडे नळीच्या टोकाशी बसतात आणि योप-जे पेशीत शिरण्याआधीच अडवले जाते.